घरच्या गॅरेजात, मुलांना हाताशी घेऊन जुनी मस्टँग उभी करायची तर

आमच्या गॅरेजात गेले चार हिवाळे रोजच्या वापरातली एकही गाडी शिरलेली नाही. रोजच्या दोन्ही गाड्या बाहेर बर्फात, आणि आत १९६७ ची फोर्ड मस्टँग. आम्ही अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटजवळ राहतो. मी मूळचा कोल्हापूरचा. गाडीला हात लावण्याचा माझा सगळा अनुभव म्हणजे लहानपणी बाबांच्या बजाज चेतकचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासणं. काम सुरू केलं तेव्हा मुलगी बारा वर्षांची होती आणि धाकटा आठचा. आता गाडी चालते, थांबते, आणि पाऊस पडला तरी आत गळत नाही. मंडळाच्या गणपतीला दर वर्षी तीन-चार जण तरी विचारतात, "आम्हालाही मुलांबरोबर करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळं वाचायचा कंटाळा असेल तर एवढंच लक्षात ठेवा: गाडी एका दमात पूर्ण सुटी करू नका. "अर्धवट काम, सगळे भाग खोक्यांत" अशा जाहिरातींतल्या गाड्या बहुतेक अशाच उत्साहाने खोललेल्या असतात. मुलांना तर दोन-तीन आठवड्यांत काहीतरी हललेलं, पेटलेलं, वाजलेलं दिसावं लागतं. नाहीतर त्यांचा शनिवार दुसरीकडे जातो, आणि त्यात त्यांची चूक नसते.

(मस्टँग ही खरी मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची ताकदवान गाडी, नव्हे, खरी मसल कार म्हणजे १९६४ ची पॉन्टियॅक जीटीओ, असं सांगणारे काका तुम्हाला प्रत्येक मेळाव्यात भेटतील. त्यांचं बरोबर आहे. मान हलवा आणि पुढे चला.)

## १. आधी जागा ठरवा

दोन गाड्यांचं गॅरेज असेल तर ते पूर्ण या गाडीला द्यावं लागेल. दारं, सीटा, बॉनेट काढून ठेवायलाच निम्मी जागा जाते. वसाहतीच्या सोसायटीचे नियम आधी वाचा. न चालणारी गाडी ड्राइव्हवेवर उभी केलेली बऱ्याच सोसायट्यांना आणि गावांना चालत नाही.

इकडच्या थंडीत डिसेंबर ते मार्च गॅरेजात फार काम होत नाही. ते महिने घरात टेबलावर करता येणाऱ्या कामांना ठेवा: डॅशबोर्डचे मीटर, दाराची कुलपं, वायरिंग. उघड्या ज्योतीचा हीटर पेट्रोल आणि थिनर असलेल्या खोलीत लावायचा नाही, थंडी कितीही असो.

## २. गाडी कोणती घ्यायची

पहिल्याच वेळी दुर्मीळ गाडीच्या मागे लागू नका. ज्या गाडीचे भाग नवे बनतात ती घ्या. १९६७ सालातच मस्टँग पावणेपाच लाखांच्या आसपास विकल्या गेल्या. म्हणून आज मडगार्डपासून दाराच्या रबरापर्यंत जवळजवळ सगळं नवं मिळतं. त्यातही साधी दोन दारांची, पक्क्या छपराची हार्डटॉप घ्या. उतरत्या पाठीची फास्टबॅक देखणी, पण तिचे भाव ऐकून मी गप्प बसलो.

गाडी घ्यायच्या आधी मुलांना डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात नेलं. तिथे पहिल्या क्रमांकाची मस्टँग आहे. ती विकायची नव्हतीच. पण न्यूफाउंडलंडमधल्या स्टॅनली टकर नावाच्या वैमानिकाने ती घेतली, आणि १९६६ मध्ये एका नव्या मस्टँगच्या बदल्यात फोर्डने ती परत मिळवली. ही गोष्ट ऐकल्यावर धाकट्याने तिथेच विचारलं, "मग आपला नंबर कितवा?" त्यातून पुढची पायरी आपोआप आली.

## ३. बघायला जाताना: नंबर, चुंबक आणि पाण्याची बादली

नंबर वाचा. त्या काळच्या मस्टँगचा नंबर काचेतून दिसत नाही. बॉनेट उघडून चालकाच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. पहिला आकडा ७ म्हणजे १९६७. पुढचं अक्षर कारखान्याचं: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मेटचन. मग गाडीच्या आकाराचे दोन आकडे: ०१ म्हणजे हार्डटॉप, ०२ फास्टबॅक, ०३ उघडणाऱ्या छपराची कन्व्हर्टिबल. त्यापुढे इंजिनाचं अक्षर: टी असेल तर सहा सिलिंडर, सी असेल तर २८९ घनइंचांचं, म्हणजे साधारण ४.७ लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८. आमची डिअरबॉर्नची, सी अक्षराची. घरापासून अर्ध्या तासावर जन्मलेली. मुलांना हा नंबर फोडायला द्या, गुप्त लिपी उलगडल्यासारखे भिडतात.

पत्र्यावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. तो पत्राच बदललेला असेल आणि नंबर गायब असेल, तर किंमत कितीही कमी असो, परत या.

चुंबक फिरवा. फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक मागच्या चाकांच्या कडांवर आणि दारांच्या खाली फिरवा. जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

पाणी ओता. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगतोय. पुढच्या काचेखाली जाळी असते. तिथून पाणी आत जाऊन बाजूंनी बाहेर पडायला हवं. आतला पत्रा सडला की ते थेट पायाखालच्या गालिच्यात उतरतं आणि मग तळ सडतो. विकणाऱ्याची परवानगी घेऊन एक बादली ओता, आणि मुलाला टॉर्च देऊन डॅशबोर्डखाली आडवं करा. थेंब दिसला तर दुरुस्तीसाठी ढीगभर स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डचे ठिपके) उसवून वरचा अख्खा पत्रा काढावा लागतो हे धरून भाव करा. आम्ही पाणी ओतलं नाही. विकणारा म्हणाला, "गालिचा नवा आहे." तो का नवा आहे हे विचारायला हवं होतं.

याशिवाय इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या शॉक टॉवरना (पुढच्या स्प्रिंगा आणि शॉक धरणाऱ्या उभ्या पत्र्यांना) तडे, बॅटरीखालचा पत्रा, पुढच्या चाकांमागचे तळाचे कोपरे आणि तळाखालच्या मागच्या लांब पट्ट्या बघा. या गाडीला वेगळी चॅसी नाही, हा पत्राच तिचा सांगाडा. रंग, सीटा, क्रोम यांच्याकडे त्या दिवशी बघूच नका.

## ४. कागदपत्रं

मी मिशिगनपुरतं सांगतो. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथल्या कार्यालयात विचारून घ्या.

- विकणाऱ्याच्याच नावाचं आणि त्याच्या सहीचं मूळ टायटल (गाडीच्या मालकीचा सरकारी कागद)
- किंमत, तारीख, नंबर आणि दोघांच्या सह्या असलेली विक्रीची पावती
- टायटलवर कर्जाचा बोजा असेल तर तो फिटल्याचा कागद
- तुमचं लायसन्स आणि विमा

टायटल १५ दिवसांत आपल्या नावावर करायचं आणि किमतीवर ६ टक्के विक्रीकर भरायचा. नंबरप्लेट विकणाऱ्याकडेच राहते, त्यामुळे गाडी ट्रेलरवरच आणा. "टायटल आजोबांच्या नावावर आहे, ते वारले, पण काही अडचण येणार नाही" हे वाक्य ऐकलं की अडचण येणारच. आधी वारसांकडून कागद नीट करून घ्या, मग पैसे द्या.

गाडी २६ वर्षांची किंवा त्याहून जुनी असेल तर ऐतिहासिक वाहनाची स्वस्त प्लेट मिळते. तिच्यावर गाडी फक्त मेळावे, संचलनं, क्लबचे कार्यक्रम अशा कामांसाठी न्यायची असते. ऑगस्ट महिना मात्र मोकळा असतो. तो का, ते शेवटी.

## ५. हत्यारं, आणि अपूर्णांकांची शाळा

भारतातून आणलेला पान्यांचा संच ट्रंकेतच ठेवा. ही गाडी इंचांतली आहे. १३ मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टवर बसल्यासारखा वाटतो, पण अर्धा इंच म्हणजे १२.७. जोर लावला की बोल्टचे कोपरे गोल होतात, आणि मग तो बोल्ट काढण्यात रविवार जातो. माझे असे दोन रविवार गेले.

घ्यायचं ते असं: इंचांतले रिंग पाने आणि सॉकेट (३/८, ७/१६, १/२, ९/१६, ५/८ सगळ्यात जास्त लागतात), ठरलेल्या जोराने आवळायचा टॉर्क पाना, मल्टिमीटर, फट मोजायच्या पात्यांचं फिलर गेज, गंजलेले बोल्ट सोडवायचं तेल, मजबूत ट्रॉली जॅक, चार जॅक स्टँड आणि पेट्रोलची आग विझवणारं सिलिंडर. मुलांच्या हाताला बसतील असे हातमोजे आणि चष्मे वेगळे घ्या. मोठ्यांचा चष्मा लहान नाकावरून घसरतो आणि मग तो कपाळावर राहतो. शिवाय त्या वर्षाच्या गाडीचं कंपनीचं दुरुस्ती मॅन्युअल घ्या. त्याची छापील प्रत घ्या, तेलकट हाताने फोन चाळता येत नाही.

"अर्ध्याहून एक खालचा दे" म्हटलं की धाकट्याला आधी अर्धा म्हणजे ८/१६ करावा लागायचा, मग ७/१६ शोधायचा. शाळेत अपूर्णांक आले तेव्हा तो वर्गात कंटाळला.

## ६. मुलांनी काय करायचं, आणि कुठे थांबायचं

मुलांना खरं काम द्या. "तू टॉर्च धर" हे काम नव्हे, ती शिक्षा आहे. आमच्याकडे मुलगी फोटो आणि वायरिंगची प्रमुख होती, धाकटा नट-बोल्टचा कोठारी. त्याच्या सहीशिवाय एकही बोल्ट हलायचा नाही. एका वेळी दीड तास, त्याहून जास्त नाही. कोणी मध्येच उठून गेलं तर हाक मारायची नाही.

आता मनाई. इथे मी कुणाचंही ऐकत नाही:

गाडीखाली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, तुम्हीही नाही. स्टँड मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा. काँक्रीटचा ठोकळा तर कधीच नाही, तो न सांगता फुटतो.

पुढच्या स्प्रिंगा. दाबून बसवलेली ही स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. हे काम आम्ही गॅरेजवाल्याकडून करून घेतलं.

जुना रंग आणि जुने ब्रेक. त्या काळच्या रंगात शिसं आणि ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. रंग कोरडा घासू नका आणि ब्रेकची धूळ हवेने उडवू नका. ती ओली करून पुसा आणि फडकं पिशवीत बंद करा. त्या वेळी मुलं घरात. गॅरेजात खाणं-पिणं बंद, बाहेर पडताना हात साबणाने, आणि कामाचे कपडे वेगळे धुवायचे.

वेल्डिंग. मुलं बाहेर. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेला पत्रा वेल्ड करू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. घेतानाच डब्यावर बघून क्लोरीन नसलेला क्लीनर घ्या.

रेडिएटरमधलं कूलंट गोड लागतं आणि ते विष आहे. ते उघड्या भांड्यात ठेवायचं नाही, घरात कुत्रं असेल तर मुळीच नाही.

## ७. खोलायची पद्धत

एक यंत्रणा खोला, दुरुस्त करा, परत बसवा, मग दुसरी. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या झिपच्या पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव, तारीख आणि किती बोल्ट तो आकडा. खोलायच्या आधी चार बाजूंनी फोटो, आणि एक दुरून, कारण जवळून काढलेल्या फोटोत तो बोल्ट नेमका कुठला हे सहा महिन्यांनी कळत नाही. तुटलेला जुना भाग नवा बसेपर्यंत फेकू नका.

## ८. पहिल्यांदा ब्रेक

सगळ्यांना आधी इंजिन सुरू करायचं असतं. पण थांबू न शकणारी गाडी सुरू करून करणार काय?

आमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. एका वेळी एकाच बाजूचा ड्रम खोला, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. प्रत्येक चाकात ड्रमला आतून घासणारे दोन शू असतात आणि आखूड लायनरचा शू पुढच्या बाजूला येतो. हा उलटा बसवणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक. स्प्रिंगा उडतात, चष्मा डोळ्यांवर हवाच. रबरी पाइप, चाकांमधले सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर नवेच घाला, जुने चांगले दिसले तरी.

ब्रेकच्या तेलातली हवा काढण्याचं काम मात्र मुलांसाठीच बनलंय. मी चाकाशी, मुलगी पेडलवर. मी "दाब" म्हणायचं, तिने दाबून "धरलं" म्हणायचं, मी निपल (चाकाजवळचा हवा सोडायचा छोटा स्क्रू) सोडून परत आवळायचा, मग "सोड". निपल आवळायच्या आधी पाय उचलला तर हवा परत आत जाते. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. ब्रेकचं तेल रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलतो.

## ९. पेट्रोल आणि इंजिन

टाकी रिकामी करून उतरवा. वर्षानुवर्षं राहिलेल्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो, ते कार्बोरेटरमध्ये गेलं तर सगळं परत खोलावं लागेल. रबरी नळ्या इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील अशा घाला. गंजलेली टाकी वेल्ड करत बसू नका. रिकाम्या टाकीतली वाफ पेट्रोलपेक्षा धोकादायक, आणि नवी टाकी मिळते.

या टाकीचा माथा हाच डिकीचा तळ असतो, आणि डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये फक्त पुठ्ठा. मागे मुलं बसणार असतील तर तिथे पोलादी पत्रा लावून घ्या. तो तयार मिळतो.

बरीच वर्षं बंद असलेलं इंजिन थेट स्टार्टरने फिरवू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, दोन दिवस थांबा, मग बॅटरी सोडवून क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) बोल्टला सॉकेट लावून हाताने फिरवा. याच वेळी एक नंबरच्या प्लगच्या भोकावर मुलाला अंगठा धरायला सांगा. अंगठा बाहेर ढकलला गेला की पिस्टन कॉम्प्रेशनला वर येतोय. धाकटा ओरडला, "बाबा, आत कोणीतरी आहे!"

फोर्डमध्ये एक नंबर उजव्या बाजूला (सीटवर बसून बघता) पुढे. उजवीकडे १ ते ४, डावीकडे ५ ते ८. २८९ चा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-५-४-२-६-३-७-८. तो आमच्या घरात पाढ्यासारखा पाठ झाला: पंधरा, बेचाळीस, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर. तरी मी प्लगच्या वायरी घड्याळाच्या दिशेने लावल्या. या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग, उलट्या दिशेने फिरतो. पहिल्याच प्रयत्नात कार्बोरेटरमधून फाटकन आवाज आणि ज्योत. मी मॅन्युअल धुंडाळत होतो, तोवर मुलीने पहिल्या दिवशीचा फोटो शोधून शांतपणे समोर धरला. पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या, उघडमीट करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्काची) फट ०.०१७ इंच, प्लगची ०.०३४. बरोबर दुप्पट, हे धाकट्याने शोधलं.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना गाडी ढकलून बाहेर काढा. नुसतं दार उघडून भागत नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आगीचं सिलिंडर मोठ्या माणसाच्या हातात, आणि मुलं खडूच्या रेघेपलीकडे.

## १०. पत्रा, रंग आणि आतली सजावट

तळाचा पत्रा बदलणं मी शिकलो, पण वरचा रंग घरी करू नका. आजच्या रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला साधा मास्क पुरत नाही. रंगवाल्याकडे जाताना भाग बसवलेले आणि दारांच्या फटी जुळवलेल्या असू द्या, आणि तारीख लेखी घ्या. आमच्या रंगवाल्याचे "सहा आठवडे" सात महिने चालले.

सीटांचे कव्हर, गालिचा आणि दारांचे पॅनल मात्र मुलांवर सोडा. कव्हर ताणून तारेच्या रिंगा आवळायची पक्कड एकदा हातात आली की ती परत मिळत नाही. गालिचा घालायच्या आधी पाण्याची बादली परत ओता!

## ११. रस्त्यावर

१९६७ च्या गाडीला सहसा फक्त कमरेचे पट्टे. पुढेमागे खांद्यावरून येणारे पट्टे नीट मजबुती करून बसवा. मुलांना उंच बसवणाऱ्या बूस्टर सीटला नुसता कमरेचा पट्टा चालत नाही, म्हणून आमचा धाकटा पट्टे बसेपर्यंत गाडीत बसला नाही, रडला तरी. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या. साध्या विम्यात तुमची चार वर्षं ही साठ वर्षं जुनी गाडी म्हणून मोजली जातील.

पहिले पन्नास मैल घराच्या आसपासच. मग परत खाली शिरून प्रत्येक बोल्ट तपासा.

आणि ऑगस्ट. त्या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर, फर्नडेलपासून पॉन्टियॅकपर्यंत, १९९५ पासून जुन्या गाड्यांची जत्रा भरते. दुपारी तिथे मुंगीच्या चालीने चालावं लागतं आणि जुनं इंजिन तापतं. म्हणून सकाळी सातला पोहोचा, सावली धरा. डिकीत पाण्याचा कॅन, फॅन बेल्ट, पॉइंटचा जास्तीचा संच, इंचांतले पाने आणि एक मोठा पुठ्ठा ठेवा. थांबलात की पुठ्ठा इंजिनाखाली सरकवा, कारण ही गाडी तेल गाळतेच. आमच्याकडे ते काम धाकट्याचं आहे. गाडी पुरती थांबायच्या आत तो दार उघडायला बघतो, म्हणून किल्ली फिरेपर्यंत पुठ्ठा मी माझ्याकडे ठेवतो.